तीन शटरं, चार गाड्या

आमच्या घरमालकांच्या गॅरेजला बाहेरून तीन शटरं होती आणि आत चार गाड्यांची जागा होती. हा हिशेब मला बरेच महिने खटकला नाही, कारण मी तो कधी केलाच नव्हता. भाडेकरू माणूस नळाला पाणी कधी येतं ते विचारतो, मालकाची शटरं मोजत बसत नाही.

घर सातारा परिसरात होतं, सातारा जिल्ह्यात नव्हे, आमच्या शहराच्या दक्षिणेला, बायपासच्या पलीकडं. शहराला तेव्हा औरंगाबाद म्हणत आणि ते बायपास ओलांडून डोंगराच्या रोखानं सुटलं होतं. काल जिथं ज्वारीची धाटं होती तिथं आज प्लॉटचे दगड दिसायचे. पाऊस मात्र वर्षामागून वर्ष पाठ फिरवून चालला होता. बोअर मारायच्या गाड्या दिवसभर धडधडत फिरायच्या, फुफाटा उडवायच्या आणि बहुतेक ठिकाणी तेवढाच उडवून परत जायच्या. मी वाळूजच्या एका कंपनीत हिशेब खात्यात नुकताच लागलो होतो. लग्नही नवंच होतं. बायकोला जागा आवडली ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून डोंगर दिसतो म्हणून, आणि मला आवडली ती मालकांच्या घरात भांडायला फार माणसं नाहीत म्हणून. वर एका बाजूला आम्ही, दुसऱ्या बाजूला ते दोघं नवरा-बायको. खालचा सगळा मजला गॅरेजचा.

"आधी गाड्यांचं घर, मग माणसांचं," काका पहिल्याच दिवशी म्हणाले. आम्ही त्यांना काका म्हणायचो आणि त्यांच्या बायकोला काकू.

काका बुटके, काटकुळे, कायम खाकी अर्ध्या बाह्यांच्या शर्टात. खिशात पेन नसायचं, व्हर्नियर असायचा. वडील गावाकडं भिक्षुकी करायचे. हे वाळूजच्या एका कारखान्यात माल तपासण्याच्या खात्यात वर्षानुवर्षं होते आणि मुदतीआधीच नोकरी सोडून घरी बसले होते. नोकरी सुटली पण तपासणी सुटली नव्हती. काकूंच्या पोळीची जाडी त्यांनी माझ्यादेखत व्हर्नियर लावून मोजली आणि गंभीरपणे म्हणाले, "काठाला जास्त आहे. रीवर्क." काकूंनी ती पोळी उचलून गाईच्या डब्यात टाकली आणि दुसरी वाढली नाही.

रीवर्क हा त्यांचा देवाधर्माच्या जागचा शब्द होता. कारखान्यात बिघडलेल्या मालाला लाल चिठ्ठी लागते, दुरुस्तीला घेतलेल्याला पिवळी, आणि दुरुस्त होऊन पास झाला की हिरवी. हिरवी लागली की तो माल कधी बिघडला होता हे कुणी विचारायचं नाही, तो चांगल्या मालात मिसळून जातो. काकांनी ही पद्धत घरी आणली होती. आमचा नळ गळायला लागला तर त्यांनी त्याला दोऱ्यानं पिवळी चिठ्ठी बांधली. एकदा आम्हा नवरा-बायकोचं चांगलं वाजलं, भांडी आपटेपर्यंत. सकाळी दार उघडलं तर कडीला पिवळी चिठ्ठी लटकत होती. बायको हसून हसून खाली बसली आणि भांडण मिटलं. त्या दिवसापासून मला हा माणूस आवडायला लागला, आणि आवडलेल्या माणसाचं विचित्र वागणं आपण फार मनावर घेत नाही.

गॅरेज मात्र मनावर घेण्यासारखंच होतं. असं गॅरेज मी नंतर कुठं पाहिलं नाही. ते बांधलं कसं, हे त्यांनी मला इतक्यांदा सांगितलंय की मीच बांधल्यासारखं वाटतं. प्लॉट घेतला तेव्हा नुसतं रान होतं. काकांनी नकाशावाला बोलावला नाही. त्यांनी आपल्या गाड्या त्या रानात ओळीनं उभ्या केल्या, प्रत्येकीची सगळी दारं सताड उघडली, पुढचं झाकण वर केलं, मागचं वर केलं, आणि त्या उघड्या गाड्यांभोवती एक माणूस पाना घेऊन फिरेल एवढी जागा सोडून पांढरी फक्की मारली. तोच नकाशा. "गाडी मिटलेली असते तेव्हा ती केवढी आहे ते कळत नसतं," ते म्हणायचे. "पूर्ण उघडायची. मग मोजायची."

फरशीला बाहेरच्या बाजूला उतार दिला होता, डोळ्याला न दिसणारा. त्यांनी एकदा माझ्यासमोर मागच्या भिंतीपाशी काचेची गोटी ठेवली आणि सोडली. गोटी जराशी थांबल्यासारखी झाली, मग आपणहून शटरापर्यंत घरंगळत गेली. गाडीच्या पोटाखाली उभं राहून काम करायला मधोमध खड्डा होता, त्याला लाकडी फळ्यांचं झाकण. वर लोखंडी गर्डर, त्याला इंजिन उचलायची साखळी. आणि एका अख्ख्या भिंतीवर हत्यारं. प्रत्येक हत्याराच्या मागं भिंतीवर काळ्या रंगानं त्याच हत्याराची सावली रंगवलेली. पाना जागेवरून काढला की मागं पान्याची सावली उघडी पडायची. "म्हणजे कळतं, कुणाच्या तरी हातात आहे," काका म्हणायचे.

ते बांधकाम दुष्काळातलंच. कॉलनीत प्यायला पाणी नाही आणि हा गृहस्थ गाड्यांच्या घराच्या स्लॅबवर पाणी मारतो म्हणून लोक चिडले होते. काकांनी खदानीतलं खारट, हिरवं पाणी स्वतःच्या जीपमधून ड्रम भरभरून आणलं, गोणपाटं ओली करून स्लॅबवर अंथरली, आणि लोकांना म्हणाले, "पिऊन दाखवा, मग भांडा."

तर असा हा माणूस. आता त्या घरात आम्हाला जे जाणवायला लागलं ते सांगतो.

आमचं स्वयंपाकघर घराच्या दक्षिणेच्या टोकाला होतं. तिथली भांडी दुपारची बोलायची. म्हणजे बायको म्हणायची, बोलतात. सुट्टीच्या दिवशी मी घरी असताना मीही ऐकलं. मांडणीतल्या वाट्या एकमेकींना लागून अगदी बारीक आवाज करायच्या, किणकिण म्हणावं एवढाही नाही. थंडीत पायाखालची फरशी तिथं तेवढी कोमट लागायची. मग खालून काकांचा आवाज यायचा, शांत, समजावणीचा. "सोड. हळू सोड. अर्ध्यावर धर. हं, आता बरोबर." मग बराच वेळ काहीच नाही. मग पुन्हा, "घाई करू नकोस. मी आहे."

मला वाटलं कुणाला गाडी शिकवत असतील. पण त्या दुपारी गॅरेजमध्ये जाताना कुणी दिसलं नव्हतं आणि बाहेर पडतानाही कुणी दिसलं नाही. समजा कुणी असलंच, तर ते एकदाही बोललं नाही.

कॉलनीच्या मोकळ्या प्लॉटांवर एक धनगराची म्हातारी शेरडं चारायची. हे सगळं रान पूर्वी तिच्या भावकीचं. रान विकलं, पोरं बिडकीनकडं कामाला गेली, ती मात्र चार शेरडं घेऊन अजून त्याच रानात फिरायची, मध्ये घरं आली म्हणून वळसे घालत. थंडीच्या सकाळी तिची शेरडं बरोबर आमच्या घराच्या दक्षिणेच्या भिंतीला अंग लावून बसायची. दुसऱ्या कुठल्या भिंतीला नाही. मी तिला विचारलं, "आजी, इथंच का बसतात ही?"

"ऊब लागती त्यास्नी," ती म्हणाली. "हे भिताड जितं हाय."

"जितं म्हणजे?"

"हात लाव की. काय भ्या वाटू लागलं काय?"

हात लावला. ऊन अजून त्या बाजूला आलं नव्हतं आणि भिंत अंगात बारीक ताप असावा तशी कोमट होती. खाली, पायाजवळ, एक जाड लोखंडी नळी भिंतीतून बाहेर आली होती आणि तिच्यासमोरच्या कडुनिंबाची पानं काजळली होती. मी हात काढून घेतला आणि कपड्याला पुसला. म्हातारी हसली. मला हसू आलं नाही.

काकूंचं वागणंही मला तेव्हा कळत नव्हतं. त्या शांत, कामसू बाई. जिना बाहेरून होता, दक्षिणेच्या अंगानं. जिना उतरून फाटकापर्यंत जाताना त्या छत्री उघडायच्या आणि ती उन्हाकडं न धरता घराच्या बाजूला धरायच्या. ऊन डोक्यावर तापत असायचं आणि काकू भिंतीला आडोसा करून चालायच्या. गॅरेजमध्ये त्यांना मी कधीच पाहिलं नाही. जेवायला बोलवायचं तर त्या वरूनच थाळी वाजवायच्या.

एका दुपारी टँकरची वाट पाहत मी आणि काका फाटकाशी उभे होतो. हातात नळी, समोर रिकामे ड्रम. तिन्ही शटरं उघडी होती. आत जुनी गोल दिव्यांची गाडी, जीप आणि लहान पांढरी गाडी, तिन्ही थंडगार उभ्या. तेवढ्यात हॉर्न वाजला. दोनदा, तोकडा. आपण घराखाली आल्यावर कुणाला हाक मारण्यासाठी वाजवतो तसा. आवाज घराच्या दक्षिणेच्या टोकाकडून आला, जिथं नुसती भिंत होती.

"आलो रे," काका मागं न वळताच म्हणाले.

मग माझ्याकडं पाहून म्हणाले, "वायरिंग आहे. तारा तापल्या की होतं असं." आणि ड्रमचं झाकण काढायला वाकले.

वायरिंगला कुणी 'रे' म्हणत नाही, हे मला तेव्हाच कळलं होतं. पण टँकर आला आणि विचारायचं राहिलं. खरं म्हणजे टँकर आला नसता तरी मी विचारलं नसतं.

दसऱ्याला गाठ सुटली. काकांनी गाड्या पुसून ओळीनं लावल्या, पुढं रांगोळी काढली, चाकांखाली लिंबं ठेवली. हत्यारांना आदल्या दिवशीच कुंकू लावलेलं होतं. मी मदतीला खाली गेलो. झेंडूचे हार त्यांनी स्वतः ओवले होते. तीन गाड्यांना तीन घातले तरी टोपलीत एक उरला.

"काका, एक हार जास्त झाला," मी म्हणालो.

"जास्त नाही झाला," ते म्हणाले, आणि हार मनगटावर घेऊन हत्यारांच्या भिंतीकडं गेले. त्या भिंतीला टेकून एक कपाट होतं. कपाटाच्या मागं ते आडवे होऊन शिरले आणि परत आले तेव्हा हात रिकामे होते.

मी बाहेर येऊन पहिल्यांदा घराकडं नीट पाहिलं. तीन शटरं. शेवटच्या शटराच्या पलीकडं तेवढीच रुंद भिंत, आणि तिच्यावर गिलावा बाकी घराच्या गिलाव्यापेक्षा नवा.

ती भिंत ज्यानं घातली तो मिस्त्री आमच्याच गल्लीत दुसऱ्या कामावर होता. त्याला विचारलं तर त्यानं थापी खाली ठेवली, कानाच्या पाळीला हात लावला आणि म्हणाला, "हाँ साब, मैंच बांधा वो दीवार. मैं बोला, साब, पैले गाडी तो निकालो. साब बोले, गाडी अंदरीच रैनेवाली है, तू ईंट लगा. जिंदगी में ऐसा काम नै किया मैं. जैसे किसी कू दफ्न कर रै." मग म्हणाला, "आप रैते वहाँ? अच्छा है, अच्छा है," आणि पुन्हा कामाला लागला.

बाकीचं काकूंनीच माझ्या बायकोला सांगितलं. संक्रांतीचे तीळ निवडताना, आवाज न चढवता.

त्यांना एकच मुलगा होता. गॅरेजची फक्की मारताना काकांच्या हाताखाली टेप धरायला तोच होता. चौथी जागा त्याच्या गाडीची, लहान निळी. नोकरीच्या पहिल्या वर्षी घेतलेली. एका संध्याकाळी तो कामावरून परतताना बिडकीनच्या अलीकडं उसाच्या ट्रॉलीवर गेला. ट्रॉलीला मागं दिवा नव्हता.

"मला तोंड दाखवलं नाही त्याचं," काकू म्हणाल्या. "बायकांनी पाहू नये, म्हणाले. तसंच बांधून नेलं. मला काही पटेचना. वाटायचं, हे लोक दुसऱ्याच कुणाला घेऊन चाललेत, आपला येईल आता. मग गाडी आणली ओढून. ती पाहिली मी. उजवी बाजू उरलीच नव्हती. हात ठेवायला जागा नव्हती. तेव्हा पटलं. ह्याच्यात बसलेला माणूस काही परत येत नाही."

दिवस झाल्यावर काका ती गाडी भंगारात द्यायला तयार झाले होते. काकूंनी नाही म्हटलं. परक्यांनी ती उचकटायची नाही, आणि आपल्या डोळ्यांसमोरही राहायची नाही. म्हणून भिंत.

"आत आहे ती तशीच," काकू म्हणाल्या. "जाता-येता तिकडं बघवत नाही मला. पण आहे, हे बरं आहे. मन फिरायला लागलं ना, की मी आठवते ती कशी झाली होती. मग मन जाग्यावर येतं. ती आहे म्हणून मी आहे, असं समज."

बायकोनं हे मला सांगितलं तेव्हा आम्ही दोघं स्वयंपाकघरातच उभे होतो, आणि मांडणीतल्या वाट्या बारीक आवाज करत होत्या. आम्ही दोघांनी वाट्यांकडं पाहिलं. चेंदामेंदा झालेल्या गाडीचं इंजिन चालत नाही.

पुढं लौकरच काकांनी मला ती दाखवली. बहुधा कुणाला तरी दाखवल्यावाचून त्यांना राहवत नव्हतं. कपाटामागं अरुंद दार होतं. मी आडवा होऊन आत शिरलो. आत दिवसाउजेडी काळोख, रंगाचा आणि पेट्रोलचा वास. काकांनी हातदिवा लावला.

गाडी धड होती. नुसती धड नाही, कोरी. निळा रंग असा की दिवा त्यात दिसत होता. दिव्यांच्या काचा, आरसे, उजवी बाजू, सगळं जिथल्या तिथं. बोनेटवर दसऱ्याचा हार वाळला होता. स्टिअरिंगला पिवळी चिठ्ठी.

"बाहेरचा एक पत्रा लावला नाही," काका म्हणाले. त्यांचा आवाज मी कधी इतका आनंदी ऐकला नव्हता. "दुसरा कुणी असता तर नवा दरवाजा आणून बसवला असता. मी जेवढं तिचं होतं तेवढंच सरळ केलं. इंच इंच ठोकत. पत्र्याला आठवतं हो, आपण आधी कसे होतो ते. हळू ठोकलं की तो आपणहून तिकडं जातो."

मी आत वाकून पाहिलं. ड्रायव्हरची सीट पार मागं सरकवलेली होती, लांब पायांच्या माणसासाठी असते तशी. आणि रिकाम्या सीटवर पट्टा लावलेला होता. आडवा, ताणून, खटका बसवून.

"त्या दिवशी लावला नव्हता त्यानं," काका म्हणाले.

मग ते डावीकडून आत बसले, हात लांब करून चावी फिरवली आणि इंजिन सुरू झालं. पायाखालची फरशी बारीक थरथरू लागली. समोरचे दिवे लागले, त्यांचा उजेड हातभर अंतरावरच्या विटांच्या भिंतीवर पडला आणि तिथंच थांबला. काका शेजारच्या रिकाम्या सीटकडं तोंड करून, मी तिथं नाहीच अशा आवाजात म्हणाले, "सोड. हळू सोड."

मी बाहेर कसा आलो ते आठवत नाही. शर्टाचं एक बटण कपाटापाशी तुटलं. भीती वाटली हे तर आहेच, पण त्याहून जास्त त्या माणसाची कणव आली, आणि त्याच्याहीपेक्षा वर बसलेल्या बाईची. ती ज्या मोडक्या गाडीला धरून जगत होती ती गाडी आता जगात नव्हती. तिच्या नवऱ्यानं प्रेमानं, इंच इंच करून, ती नाहीशी केली होती.

"काकूंना कळलं तर?" बायको म्हणाली.

भिंत आहे तोवर कळायचं नाही, असं मी म्हणालो. आणि थोड्याच दिवसांनी आमच्या रस्त्यावर मोजणी झाली. शहर वाढलं होतं, रस्ता पुरत नव्हता. माणसं आली, टेप लावली आणि घरांवर लाल रेघा मारून गेली. कुणाचं कुंपण जाणार, कुणाचा जिना. आमच्या घराची दक्षिणेची पुढची बाजू जाणार होती. रेघ बरोबर त्या नव्या गिलाव्यावर होती.

सगळी गल्ली रडकुंडीला आली. काका मात्र खुशीत. ते गॅरेजच्या दारात बसून हिरवी चिठ्ठी कापत होते.

"काका, काकूंना सांगितलंत?" मी विचारलं.

"सांगायचं काय त्यात? बघतीलच की."

मी त्यांना काकू काय म्हणाल्या होत्या ते सांगितलं. सगळं, शब्दाला शब्द. त्यांनी ऐकून घेतलं.

"त्यांनी रिजेक्ट झालेला माल बघितलाय," ते समजावणीनं म्हणाले. "तेच बसलंय डोक्यात. आता पास झालेला बघू द्या. मलाही झोप लागत नव्हती हो. एकेक पोचा निघाला तशी लागायला लागली. त्यांची पण लागेल."

"निदान गाडी आतल्या आत सुटी सुटी करून, कपाटामागच्या दारानं नेता येईल. काकूंना दिसायचं नाही."

काकांचा चेहरा एकदम उतरला.

"तुकडे?" ते म्हणाले. "परत?"



पाडायची मशीन गल्लीत यायच्या आधी भिंत आपण उतरवायची, असं त्यांनी ठरवलं. सकाळी तोच मिस्त्री आला. शेरडांची म्हातारी रस्त्याच्या पलीकडं येऊन उभी राहिली. आम्ही दोघं जिन्याशी होतो. काकांनी खालून हाक मारली, "अहो, या जरा खाली. तुम्हाला दाखवायचंय." असं ते कधी बोलवत नसत. काकू आल्या, सवयीनं छत्री घराच्या बाजूला धरून, आणि शेवटच्या पायरीवर थांबल्या. बायकोनं त्यांचा दंड धरला.

मिस्त्रीनं वरून विटा काढायला सुरुवात केली. जुनं सिमेंट सुटत नव्हतं. मग एक मोठा तुकडा आत कोसळण्याऐवजी बाहेर पडला आणि धुळीचा लोट उठला. धुळीत दोन दिवे पेटलेले दिसले. काकू छत्री खाली घेऊन बघत होत्या. विटा बाजूला झाल्या, फळ्या टाकल्या गेल्या, आणि आतून ब्रेक सुटल्याचा आवाज आला.

गोटी सुटली होती तशीच ती गाडी सुटली. आधी थांबल्यासारखी, मग आपणहून, उतारावरून, धुळीतून बाहेर. काका आत डाव्या बाजूला होते, पण बुटका माणूस, त्यात हातानं ब्रेक धरायला वाकलेला. आम्हाला कुणालाच तो दिसला नाही. दिसली ती कोरी निळी गाडी, रिकामी ड्रायव्हरची सीट आणि तिच्यावर ताणून लावलेला पट्टा.

"आई गं बिरोबा," म्हातारी म्हणाली आणि शेरडं गोळा करायला लागली. मिस्त्री कानाला हात लावून मागं सरला.

गाडी अंगणात येऊन थांबली. काका डावीकडून उतरले. अंगावर धूळ, डोळ्यांत पाणी, ओठावर हसू. हिरवी चिठ्ठी त्यांनी आरशाला बांधली होती. "बघा," ते म्हणाले. एवढंच.

काकू पुढं गेल्या. छत्री त्यांनी खाली टाकली. बोनेटवर हात ठेवला. मग गाडीच्या कडेकडेनं चालत गेल्या, हात न उचलता, उजव्या बाजूनं. दरवाजा, त्याची कड, मागचं चाक. पुन्हा पुढं आल्या, आत डोकावल्या. पट्टा बघितला. मला वाटलं आता ओरडतील. मला वाटलं काकांना मारतील. त्यांच्या चेहऱ्यावर तसलं काही नव्हतं. चेहरा पोरीसारखा मोकळा झाला होता.

"अहो," त्या म्हणाल्या, "गाडी तर धड आहे."

"हो," काका म्हणाले. "पास झाली."

"मग आपला पोरगा गेला कशानं?"

काकूंनी दरवाजावरून पुन्हा हात फिरवला.

"कुठं काही लागलेलं नाही हिला. मग त्याला कसं लागेल?" काकू फाटकाकडं वळल्या आणि डोळ्यांवर हात धरून रस्त्याच्या दोन्ही टोकांना बघू लागल्या. "मग अजून आला कसा नाही तो?"

त्या खरंच बघत होत्या. बायपासकडं, मग डोंगराकडं, मग पुन्हा बायपासकडं. माझी बायको तोंडाला पदर लावून उभी होती. मीसुद्धा, खोटं कशाला सांगू, एकदा रस्त्याकडं बघितलं.

प्रत्येक प्रश्नाला ज्याच्याकडं माप होतं तो माणूस तोंड उघडं ठेवून उभा होता. एवढी वर्षं त्यानं ठोकून ठोकून एकेक खूण पुसली होती, आणि आता बायकोला दाखवायला त्याच्याजवळ एक पोचा उरला नव्हता. त्यानं आरशाची चिठ्ठी ओढून तोडली. मग गाडीचा उजवा दरवाजा उघडला आणि काकूंच्या मनगटाला धरून त्यांना जवळ आणलं. समोरच्या काचेच्या उजव्या खांबावर दाराच्या बाजूनं काळं रबर बसवलेलं होतं. त्यानं नखानं ते सोलून काढलं. खाली रंग नव्हता. पत्रा तिथं फाटला होता, नुसता वाकला नव्हता, म्हणून जोडावा लागला होता. आणि जोड कितीही घासला तरी कातडीवरच्या व्रणासारखा वर आलेला होता. त्यानं काकूंचं बोट त्यावर ठेवलं आणि वरपासून खालपर्यंत हळू फिरवलं.

"इथून," तो म्हणाला.

काकूंनी त्याचा हात सोडवला आणि स्वतःच बोट फिरवलं. वरून खाली, खालून वर. आत बसलं तर आपलं डोकं जिथं येईल तिथं थांबल्या. मग बोट आणखी वर नेलं, मुलाचं डोकं जिथं आलं असतं तिथवर.

"हं," त्या म्हणाल्या. "गेला मग."